"महिला व मुलांसाठी मनोरंजनाचे विविध कार्यक्रम" म्हणजे नेमकं काय हो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एका सेवाभावी क्लबच्या अधिवेशनाची बातमी आली होती, फोटोसकट. स्टेजवर अकरा पुरुष, कोपऱ्यात बुके घेऊन उभी असलेली एक मुलगी, आणि बातमीच्या अगदी शेवटी एक ओळ की महिला व मुलांसाठी मनोरंजनाचे विविध कार्यक्रम संपन्न झाले. ही ओळ मी गेली तीस वर्षं वाचतेय. क्लब बदलतो, गाव बदलतं, प्रमुख पाहुणे बदलतात, ओळ तीच. आणि मी त्या विविध कार्यक्रमांमधे स्वतः बसलेली बाई आहे म्हणून म्हटलं यावेळी लिहावंच, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आधीच सांगते, आमच्या ह्यांचा क्लब कुठला ते लिहिणार नाही आणि तुम्ही माझं नावही छापू नका, कारण ह्यांचे क्लबातले मित्र अजून रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात आणि माणसं सोन्यासारखी आहेत. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा हीच माणसं कमरेएवढ्या चिखलातून पाण्याचे कॅन वाहत होती, ते मी विसरलेली नाही. (तेव्हा पोळ्या कोण लाटत होतं ते फोटोत आलं नाही, पण ते जाऊदे.)

तर विविध कार्यक्रम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सकाळी नाश्ता झाला की सभासद मोठ्या हॉलमधे जातात, तिथे घंटा वाजते, दीपप्रज्वलन होतं, सत्कार होतात, मग ज्यांचा सत्कार झाला ते इतरांचा सत्कार करतात. बायकांना छोटा हॉल. तिथे वन मिनिट गेम, विस्तवाशिवाय पाककृती, कोणाचं तरी 'ताणतणाव व्यवस्थापन' नावाचं भाषण, कोणीतरी साडीचा स्टॉल लावलेला असतोच, आणि दुपारी हौजी. हौजीला माझा विरोध नाही, मला एकदा फुल हाऊसला मिक्सर लागलाय तो अजून चालतो. पोरांना चित्रकला स्पर्धा, विषय 'पाणी वाचवा', आणि एक जादूगार. रात्री सगळे एकत्र येतात तेव्हा डीजे इतका मोठ्याने लावतात की एकमेकांशी बोलणं शक्य नाही. दोन दिवस असे जातात. मग बसमधून परत येताना हे विचारायचे, काय, मजा आली का? आणि मी म्हणायचे, हो.

आता मी तुम्हाला दुसरं एक अधिवेशन सांगते, ज्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

आमची लेक आणि जावई इंग्लंडात लँकेशायरमधे असतात, जावई डॉक्टर आहेत आणि तिथल्या एका अशाच क्लबात आहेत. गेल्या खेपेला आम्ही दोघं तिकडे होतो तेव्हा त्यांच्या क्लबांचं अधिवेशन आयल ऑफ मॅनला होतं, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. जावई म्हणाले, आई-बाबा तुम्ही पण चला, पाहुण्यांना येता येतं. आमचे हे लगेच तयार, सूटकेसमधे ब्लेझर घातला, क्लबची जुनी पिन लावली. मी म्हटलं आता तिथेही सत्कार.

आयल ऑफ मॅन म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं एक बेट. क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही थोडं कमीच, आणि माणसं सगळी मिळून चौऱ्याऐंशी हजार. ते ब्रिटनचा भाग नाही, राजा तोच पण संसद त्यांची स्वतःची, टिनवल्ड म्हणतात, हजार वर्षांहून जुनी आहे असं अभिमानाने सांगतात. नोटासुद्धा त्यांच्या वेगळ्या, ज्या इंग्लंडातले दुकानदार घेत नाहीत हे आम्हाला परत आल्यावर कळलं. हेशॅम नावाच्या बंदरातून बोट, पावणेचार तास. मी कोकणातली, समुद्र मला नवीन नाही, पण आयरिश समुद्राने आमच्या जावयांना असं काही हलवलं की अर्ध्या वाटेत डॉक्टरांनाच गोळी द्यावी लागली. नातवंडं मात्र नाचत होती.

डग्लस हे तिथलं मुख्य गाव. चौपाटीला लागूनच विला मरीना म्हणून जुना मोठा हॉल आहे तिथे अधिवेशन. दारात बिल्ले मिळाले, आणि इथे पहिली गंमत झाली. जावयांच्या बिल्ल्यावर डेलिगेट, आमच्या ह्यांच्या बिल्ल्यावर गेस्ट. तीस वर्षं क्लबात, एकदा अध्यक्ष, दोनदा सेक्रेटरी, जिल्ह्याच्या कितीतरी कमिट्या, आणि आता गळ्यात काय तर गेस्ट. चेहरा असा झाला की मला एकीकडे वाईट वाटलं आणि एकीकडे, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. म्हटलं या, आमच्या बाजूला स्वागत आहे.

इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे सभासदाच्या बायकोला रोटरीत अ‍ॅन म्हणतात आणि मुलांना अ‍ॅनेट, लायन्समधे लायन लेडी, अध्यक्षाची बायको फर्स्ट लेडी. अ‍ॅन हे कुठून आलं माहितीये? १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून ह्यूस्टनच्या रोटरी अधिवेशनाला निघालेल्या गाडीत सगळे पुरुष आणि एकच बाई, एका सभासदाची बायको, तिचं नाव अ‍ॅन, तर प्रवासात गंमत म्हणून तिला रोटरी अ‍ॅन म्हणायला लागले आणि ते चिकटलं. म्हणजे बघा, शंभर वर्षांपूर्वीच्या एका रेल्वेप्रवासातल्या चेष्टेवरून आमच्या डिरेक्टरीत कोकणातल्या बायकांच्या नावामागे अ‍ॅन लागतं. बायकांना सभासद करून घ्यायला मात्र लायन्सला १९८७ आणि रोटरीला १९८९ उजाडलं, तेही रोटरीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेल्यावर. त्याच्या कितीतरी आधी मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग नावाच्या बाईंनी रोटरी सभासदांच्या बायका गोळा करून १९२४ च्या जानेवारीत इनर व्हील हा बायकांचा क्लब काढला. आधीच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा जमल्या तर जागा कुठली, टर्किश बाथ! म्हणजे न्हाणीघरच की. हॉल तेव्हाही नव्हता मिळाला बायकांना.

असो. तर त्या बेटावरच्या अधिवेशनात काय वेगळं होतं ते सांगते आणि ते परदेश म्हणून चांगलं असं मला म्हणायचं नाही, त्यांच्याही चुका पुढे सांगणार आहे.

निघायच्या महिनाभर आधी एक फॉर्म आला होता. त्यात माझ्यासाठी वेगळे प्रश्न. काय खाता, किती पायऱ्या चढू शकता, बोट लागते का, मुलांचं वय काय, बेटावर तुम्हाला काय बघायला आवडेल. किती पायऱ्या चढू शकता! माझे गुडघे दहा वर्षं बोलतायत पण क्लबाने पहिल्यांदाच विचारलं. मी लेकीला सांगितलं लिही, तीस, आणि मधे बसायला मिळालं तर पन्नास.

शुक्रवारी रात्री साधं जेवण आणि ओळखी. शनिवारी सकाळी हॉलमधे त्यांचं रीतसर कामकाज, आपल्यासारखंच कंटाळवाणं. पाहुण्यांना बसायची परवानगी होती म्हणून आमचे हे ब्लेझर घालून जाऊन बसले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. मी म्हटलं काय झालं? म्हणाले काही नाही, ऐकलेलंच आहे सगळं. तीस वर्षं तेच ऐकायला आम्हाला छोट्या हॉलमधे बसवून जात होते हे मी तेव्हा बोलले नाही.

अकरा वाजता मात्र पोरांसकट सगळ्यांना आत बोलावलं. लाइफबोटवर काम करणारा एक स्वयंसेवक आला होता, पिवळे बूट वगैरे घालून, आणि त्याने गोष्ट सांगितली. डग्लसच्या खाडीत मधोमध एक खडक आहे, कॉनिस्टर नावाचा, भरतीला पाण्याखाली जातो. त्याच्यावर जहाजं आपटून माणसं मरायची. त्या गावात सर विल्यम हिलरी म्हणून एक गृहस्थ राहायचे, ते बघवेना म्हणून त्यांनी खटपट करून १८२४ साली बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था उभी केली, तीच आज आरएनएलआय, अख्ख्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर काम करते, देणग्यांवर आणि बहुतेक स्वयंसेवकांवर. आणि नुसती संस्था काढून भाषणं देत बसले नाहीत, १८३० मधे सेंट जॉर्ज नावाची बोट त्याच खडकावर आपटली तेव्हा साठीच्या घरात असताना स्वतः होडीत बसून गेले, पोहता येत नव्हतं, लाटेने समुद्रात फेकले गेले, बरगड्या मोडल्या, तरी बोटीवरचे सगळे बावीसच्या बावीस वाचवले. मग १८३२ मधे त्या खडकावर एक छोटा किल्ल्यासारखा बुरूज बांधला, टॉवर ऑफ रेफ्यूज, बुडणारा माणूस कसाबसा तिथे पोचला तर थांबायला जागा असावी म्हणून, आणि आत पाव आणि पाणी ठेवलेलं असायचं. तो बुरूज विला मरीनाच्या बाहेर आलं की समोर दिसतो. आमच्या नातवाने, वय वर्षं पाच, हात वर करून विचारलं की पाव शिळा झाला तर? सगळा हॉल हसला पण त्या माणसाने नीट उत्तर दिलं, म्हणाला बुडणाऱ्याला शिळा चालतो.

पोरांना सेवा म्हणजे काय हे मी तरी इतक्या सोप्या शब्दात कुठे ऐकलेलं नाही. आणि मुद्दा असा की ती गोष्ट ऐकताना माझ्या एका बाजूला जावई होते, दुसऱ्या बाजूला हे, मांडीवर नातू. छोटा हॉल मोठा हॉल नाही.

आणि मग जे झालं ते खरं महत्त्वाचं. शनिवारी दुपारी एकनंतर हॉलमधे एकही कार्यक्रम नव्हता. एकही नाही. हॉल बंद. सगळ्या सभासदांना सांगितलं होतं की आपापल्या माणसांबरोबर बाहेर पडा. मला वाटलं जावई म्हणतील की तुम्ही जा, माझी एक मीटिंग आहे, कारण गेली तीस वर्षं मी हेच वाक्य ऐकलंय, पण मीटिंगच नव्हती तर कुठे जाणार.

विला मरीनाच्या समोरूनच घोड्याची ट्राम सुटते. १८७६ पासून चालू आहे, रुळांवर डबा आणि पुढे एक भलामोठा घोडा, समुद्राच्या कडेकडेने टपटप करत जातो. हाकणाऱ्याने सांगितलं की हे घोडे म्हातारे झाले की त्यांच्यासाठी गावाबाहेर वेगळं निवृत्तीगृह आहे, तिथे आयुष्यभर चरत राहतात. आमच्या मोठ्या नातीने विचारलं, आजी घोड्याला पेन्शन? मी म्हटलं हो, आपल्या आजोबांसारखी. ते हसले. पहिल्यांदा हसले त्या दिवशी.

ट्राम संपते तिथून विजेची जुनी गाडी, १८९३ ची, लाकडी बाकांची, उघडी, डोंगराच्या कुशीतून समुद्र बघत लॅक्सी नावाच्या गावाला जाते. (मला सारखी सावंतवाडीच्या वाटेवरची एसटी आठवत होती, खिडकीला गज नसलेली.) लॅक्सीला एक पाणचक्कीचं चाक आहे, बहात्तर फूट सहा इंच व्यासाचं, लालभडक रंगाचं, सातमजली इमारतीएवढं. १८५४ साली शिशाच्या खाणीतलं पाणी उपसायला बसवलं. खाण बंद पडली, चाक राहिलं, आणि आता ते गोल गोल फिरताना बघायला लोक येतात. त्याचं नाव लेडी इझाबेला, तेव्हाच्या गव्हर्नरच्या बायकोचं नाव. मी लेकीला म्हटलं बघ, नवऱ्याच्या हुद्द्यामुळे हिला निदान चाक तरी मिळालं. वर जायला गोल जिना आहे, नव्वदच्या वर पायऱ्या, जावई आणि पोरं चढली, मी खाली बाकावर, आणि माझ्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी क्लबाच्या एका आजीबाईंनी थर्मासातून चहा आणला होता. फॉर्मात तीस लिहिलं होतं ना.

लॅक्सीहून पुढे स्नेफेल नावाच्या डोंगरावर जायला आणखी एक छोटी गाडी आहे, १८९५ ची. डोंगर म्हणजे २०३६ फूट, कळसूबाईच्या निम्म्यालाही येत नाही, पण ऐट मोठी. वरून म्हणे सात राज्यं दिसतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, मॅन, एक समुद्राचं राज्य आणि एक स्वर्गाचं. आम्ही वर पोचलो तर असं धुकं की सात राज्यं सोडा, शेजारी उभ्या जावयांची टोपी दिसेना. तिथले लोक म्हणतात की मॅनानान नावाचा त्यांचा समुद्राचा देव आहे, परकं कोणी आलं की तो बेटावर आपली शाल पांघरतो. आमचे हे म्हणाले, आपल्याला बघून पांघरली वाटतं. आणि मग ह्यांनी तिथे अर्धा तास पोरांना आंबा घाटातल्या धुक्यात एकदा रस्ता कसा चुकलो होतो ती गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली तरी ऐकली नव्हती!

परत येताना बस गावातून टीटी रेसच्या ग्रँडस्टँडवरून गेली. १९०७ पासून या बेटावर मोटारसायकलींच्या शर्यती होतात, साध्या गावातल्या रस्त्यांवरून, साठ किलोमीटरचा एक फेरा. आमच्या ह्यांच्याकडे तरुणपणी येझदी होती. बस थांबवून उतरले आणि त्या बंद ग्रँडस्टँडपुढे असे उभे राहिले जसं काही विठोबाच्या देवळापुढे. मी फोटो काढलाय. ब्लेझर, गळ्यात गेस्टचा बिल्ला, आणि चेहरा विशीतला.

रात्री नाच होता, त्याला ते केली म्हणतात. (काय केली विचारू नका, शब्दच तो आहे.) डीजे नाही, फिडल आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे तिघं आणि एक बाई माईकवर सांगते आता डावीकडे दोन पावलं, आता हात धरा, आता जोडीदार बदला. कोणालाच नीट येत नसतं म्हणून कोणालाच लाज वाटत नाही. आठ वर्षांची नात एका ऐंशीच्या आजोबांबरोबर नाचत होती. मी दोन फेऱ्या केल्या, फुगडीची सवय असलेल्या बाईला ते काही अवघड नाही. आणि मधे मधे थांबलं की बोलता येतं, आवाज तेवढाच असतो. एका बाईंशी बोलले तर त्यांनी सांगितलं की या बेटावर मालमत्ता असलेल्या बायकांना १८८१ मधेच मत मिळालं, इंग्लंडच्या कितीतरी आधी. म्हटलं आणि नवरे असलेल्यांना? हसल्या, म्हणाल्या ते नंतर, तेव्हा फक्त अविवाहित आणि विधवा. हे सुद्धा आपल्यासारखंच निघालं.

रविवारी बारा वाजता समारोप, मग बसने दक्षिणेकडे. रस्त्यात एक छोटासा पूल लागतो, परींचा पूल. तिथून जाताना पऱ्यांना नमस्कार करायचाच, नाहीतर काहीतरी वाईट होतं. ड्रायव्हरने बस हळू केली आणि सगळी बस, म्हणजे निवृत्त जज्ज, डॉक्टर, बँक मॅनेजर, सगळे एका सुरात हॅलो म्हणाले. आमच्याकडे घाटात देवीसमोर ड्रायव्हर हॉर्न देतो, खिडकीतून नाणं टाकतो, तेच हे. मी मनातल्या मनात आपल्याकडच्या राखणदारालाही नमस्कार करून टाकला, बेट परकं असलं म्हणून काय.

तिथे क्रेगनीश नावाचं गवती छपरांच्या घरांचं जुनं गाव जपून ठेवलंय, चार शिंगांच्या मेंढ्या आहेत, बिनशेपटीची मांजरं आहेत, पोरं खूष. मला मात्र वेगळंच लागून राहिलं. या लोकांची स्वतःची भाषा होती, मँक्स. ती जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल नावाचा कोळी, १९७४ मधे गेला. भाषा संपली असं सगळ्यांनी धरलं. पण काही लोक त्याच्याकडे जाऊन शिकून ठेवत होते, आवाज रेकॉर्ड करून ठेवत होते, आणि २००१ मधे त्या भाषेतली प्राथमिक शाळा निघाली. पुढे युनेस्कोने ही भाषा मृत म्हणून जाहीर केली तर त्या शाळेतल्या पोरांनी त्याच भाषेत निषेधाची पत्रं लिहून पाठवली. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हे पत्र मी मराठी पेपराला लिहितेय आणि आमच्या वाडीतली मराठी शाळा पटसंख्येवर अडकून बसलीये. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता त्यांच्या चुका. एक, शुक्रवारी रात्री क्विझ होतं त्यातले निम्मे प्रश्न ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या मालिकांचे, आम्ही चौघं मिळून आमच्या टेबलाला तीन मार्क. दोन, शाकाहारी जेवण म्हणजे मशरूमचा मऊ भात, तोही तिन्ही वेळा. माझं ठीक आहे, मी मासे खाते आणि तिथला किपर म्हणजे धूर दिलेला हेरिंग मला फार आवडला, आपल्या सुक्या बांगड्याचा गोरा चुलतभाऊ, पण लेक शाकाहारी, ती उपाशी. आपल्याकडे अधिवेशनात जेवण कधी चुकत नाही हे मान्य करायला हवं. तीन, सगळं महाग, आणि बहुतेक सभासद साठीच्या पुढचे, लहान पोरं जेमतेम पंधरा-वीस. तरुण घरं यावीत म्हणूनच हे सगळं करतो असं त्यांच्यातलेच एकजण म्हणाले, पण अजून येत नाहीत. म्हणजे तिथे सगळं जमलंय असं नाही.

पण तरी मला जे सांगायचंय ते त्या शनिवार दुपारचं आहे. आपल्याकडे कुटुंबासाठी कार्यक्रम असतो आणि त्यात कुटुंबच नसतं. बाई एका हॉलमधे, पोरं दुसऱ्या, बाप तिसऱ्या. मग मनोरंजन कोणाचं आणि कोणापासून? पैसे जोडीचे भरायचे, कपल रजिस्ट्रेशन, आणि जोडी भेटते ती फक्त जेवणाच्या रांगेत. आता तर बायकाही अध्यक्ष होतात, चांगलंच आहे, तेव्हा त्यांच्या नवऱ्यांचं काय करायचं हे आयोजकांना कळत नाही, बिचारे पर्स सांभाळत छोट्या हॉलच्या दारात उभे असतात, हौजीला बसवावं की नाही हा प्रश्न पडतो. त्यांनाही विचारा.

आणि आपल्याला बेटं काय कमी आहेत? ऐकते आहे की ह्यांच्या क्लबांचं पुढचं अधिवेशन मालवणला एका रिसॉर्टमधे ठरतंय. पंधराएक वर्षांपूर्वी एकदा तिथेच झालं होतं तेव्हा मी सिंधुदुर्ग किल्ला फक्त धक्क्यावरून पाहिला, आणि ह्यांनी तेवढाही नाही, दोन दिवस एसी हॉलमधे होते. समोर, होडीने दहा-पंधरा मिनिटांवर, शिवाजी महाराजांनी १६६४ मधे बांधायला घेतलेला किल्ला, चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आणि आम्ही आत बसून काय करत होतो तर फुगे फोडत होतो, वन मिनिट गेममधे. मला त्या फुग्यांबद्दल एक स्टीलचा डबाही मिळाला होता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. शनिवारी जेवणानंतर हॉलला कुलूप लावा आणि किल्ली अध्यक्षांच्या नाही, कोणाच्या तरी आईच्या हातात द्या. सगळ्यांना होडीत बसवा, लाइफजॅकेट सगळ्यांना, पोरांच्या मापाची सुद्धा आधी मागवून ठेवा. किल्ल्यात अजून वस्ती आहे, तिथल्या माणसांना बोलायला सांगा, त्यांना मानधन द्या, शाल-श्रीफळ नको. ज्यांना चढायला जमत नाही त्यांच्यासाठी एक सावलीची जागा आणि कोकम सरबत. रात्री डीजेऐवजी दशावतार ठेवा, गावातल्या मंडळीचा, पोरांना रंगपटात जाऊन तोंडं रंगवताना बघू द्या, तिथे ती तासभर हलणार नाहीत याची हमी मी देते. मालवणातल्या मच्छीमारांना बोलवा, वादळात काय करतात ते सांगतील. खर्च डीजेपेक्षा कमीच येईल, हिशेब मी करून दिला आहे ह्यांच्याकडे.

आणि फॉर्म आधी पाठवा. किती पायऱ्या चढू शकता हे विचारा.

हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले पाठव, पण येझदीचं काढून टाक. काढलेलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, चिपळूण

ता.क. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला सांगा की त्या शेवटच्या ओळीच्या जागी, कार्यक्रम कोणते ते एकदा विचारून लिही. छोट्या हॉलमधे कोणीही सांगेल.